आप्पासाहेबांचं बोट

—न्हाई न्हाई, तिथं नको टेकू लेकरा, तो दगड तव्यावानी तापलाय. हिकडं सरक, माझ्या पोत्यावर बस. ते काय लवकर येत न्हाईत. तुला सकाळचं बोलावलं म्हणलास न्हवं? मंग दुपार धर. तहसीलदाराची जीप उदगीरहून निघणार, फौजदार जेवल्याबिगर हालत न्हाई, आन देशमुखाचा नातू लातूरहून येणार — त्याची गाडी नवी हाय, खड्ड्यातून माहेरवाशिणीवानी हळूहळू येती. तवर ही तुझी क्रेनची गाडी आन मी. घे, फुटाणे खा. शेंगा असत्या तर शेंगा दिल्या असत्या, पण औंदा शेंगा कुठं हायत, वेल जमिनीतून वरच आले न्हाईत. काय? पाणी? — अरं ह्या गावात जीव माग, पाणी नको मागू — न्हाई, हसले मी, घे की, तांब्यात हाय घोटभर. पिलास? बरं केलंस. पिण्याआधी पुसलं न्हाईस मी कोणाची कोण. मी बी तुला आडनाव पुसत न्हाई. आडनाव कळलं की माणूस निराळंच बोलाय लागतंय. निस्तं नाव सांग. नरसिंग? लोह्याचा? बरं. मला धुरपताबाई म्हणतेत. ह्या लिंबाखाली बसते मी फुटाण्याची टोपली घेऊन, लई सालं झाले. सावली बरी पडती म्हणून बसते.

आता तूच म्हणलास, एका सिमिटाच्या बाहुल्यापायी एवढा कालवा कामून? मला बी तेच वाटायलंय. पण आमच्या माळसांगवीत दुसरं हाय काय? टँकर येतोय तो पुतळ्यापाशी. घागरी लागतेत त्या पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती — बघ की ती रांग, पहाटंपासून लावलेली, माणसं घरात आन घागरी उन्हात. यष्टी थांबती ती बी पुतळ्यापाशी. कंडक्टर गावाचं नावच घेत न्हाई, 'पुतळा, पुतळा, चला पुतळावाले' म्हणतोय. गुरुबसप्पा — तो समोरचा, किराण्याचा, कपाळाला भस्माचे पट्टे, त्याच्या दुकानाच्या पाटीवर बी 'पुतळ्यासमोर' लिवलंय — तर तो शाळंतल्या बैठकीत उठून म्हणला, पुतळा काढल्यावर माझं दुकान कशासमोर राहणार? 'ब्याडा, ब्याडा' कराय लागला. नको नको म्हंजी. माय बिदरकडची त्याची, जीव घाबरला की कानडी फुटती. लोकं लई हसले. मी न्हाई हसले. जो तो आपल्या दारातूनच बघतोय पुतळ्याकडं, त्यानं तेवढं उघड बोलून दाखवलं.

आधी निस्तं रस्त्याचं निघालं होतं. नवा जिल्हा झाला न्हवं लातूर — माझ्या जल्मातला हा तिसरा जिल्हा बघ, मोगलाईत, निजामाच्या राज्यात, आमचं बिदर होतं, मंग उस्मानाबाद झालं, आता लातूर. जिल्हे फिरायलेत, घर माझं तिथंच हाय, पत्र्याचं. तर नव्या जिल्ह्याला रुंद रस्ता, आन रस्त्याच्या मधोमध आप्पासाहेब देशमुख. साहेबलोक म्हणले, बाजूला सरकवा. सरकला असता बी. पण आमच्या बुद्धवाड्यातले पोरं म्हणले, सरकवायचा कामून? काढायचाच. ज्यानं रजाकाराला गढीत बसवून मटण घातलं त्याला चौकात उभा करून आमी रोज त्याचं तोंड बघायचं व्हय? तर तिकडले म्हणले, त्याच आप्पासाहेबानं गावातले बायकालेकरं गढीत लपवले, पोलीस ॲक्शनपतुर दार उघडलं न्हाई, गाव वाचवलं. झालं. कॉलर धरली एकमेकाची. मंग म्हणं ह्याच्या जागी बसवायचं कोणाला — एकजण म्हणला शिवाजी महाराज, एकजण म्हणला बसवेश्वर, आमचे पोरं म्हणले बाबासाहेब. मी मागं दाराला टेकून उभी होते. म्हणलं, पाण्याची टाकी बसवा. कोणी ऐकलं न्हाई. ऐकलं असंल तरी न्हाई ऐकलं.

खरं काय म्हणतोस? दोन्ही खरं हाय बाबा. तेच तर अवघड हाय. मटण बी त्यानंच घातलं आन लेकरं बी त्यानंच लपवले. मटणाला लाकडं फोडून दिले आमच्या मालकानं, म्हंजी माझ्या नवऱ्यानं, आन बायकालेकरं आत होते तवा गढीचं दार राखलं ते बी आमच्याच मालकानं. भायेरून राखलं. आत लपायला आमाला जागा न्हवती, आमी वेशीतले. येसकर होते आमचे मालक. येसकर ठावं हाय का तुला? लहान हाईस तू. वेशीची राखण, सरकारी टपाल, मयताचा सांगावा, मेलेलं ढोर — सगळं येसकराच्या गळ्यात. हातात घुंगराची काठी. घुंगरं वाजली की लोकांना कळायचं कोण यायलंय, अंग चोरून घ्यायचे, सावली पडू नये म्हणून. आन आप्पासाहेब दिसले की काठी बगलंत मारायची, वाकायचं, हात कपाळाला न्यायचा — जोहार मायबाप. आता मला पुसशील, माणूस चांगला होता का वाईट, तर मी काय सांगू? ज्यांना लपवलं त्यांना पूस. ती पाटी बघ चौथऱ्यावरची, 'दुष्काळात अन्नदाते' लिवलंय म्हणं. मला वाचता येत न्हाई, आमच्या वाड्यातल्या संघपालनं वाचून दाखवलं. अन्न दिलं होतं, खोटं कामून बोलू. आमाला बी दिलं. वरून टाकून दिलं.

ए कमलम्मा! घागर कलंडली बघ तुझी — कुठं गेली ही बाई, वारं सुटलं की रिकाम्या घागरी लोळायला लागतेत. असू दे. रिकामीच हाय. काय सांडतंय त्यातून.

काय बघायलास एवढं वर? दोर कुठं घालायचा ते बघतोस? — हाव, ते बोट. नजर बरी हाय तुझी. काठी धरलेला हात बघ, बाकीचे बोटं मिटलेत, आन करंगळीजवळचं तेवढं काठीला लागतच न्हाई, भायेर आलंय, वाकडं. तिथं दोर लावू नको, निघंल ते. — कशानं म्हणतोस? अरं, वाघानं! सगळं गाव सांगतंय. आप्पासाहेब शिकारीला गेले, वाघानं पंजा मारला, बोट मोडलं, तरी त्याच हातानं बंदूक ओढली. दर पुण्यतिथीला मास्तर भाषणात सांगतोय. शाळंतले पोरं बोटं वाकडे करून वाघ-वाघ खेळतेत. वाघ! ह्या माळावर कोल्हा उपाशी मरायलाय, वाघ काय खाऊन जगला असंल? पण सांगणारा मोठा असला की ऐकणाऱ्याला वाघ दिसतोय. जाऊ दे. मी काय बी बोलते. उन्हानं डोकं तापलंय.

आज माझी मोठी इज्जत हाय, सांगितलं का कोणी तुला? पहिला घाव माझा. संघपाल, माझ्या दिराचा नातू, नांदेडला वकिलीचं शिकायलाय — बोलाय लागला की तहसीलदाराला घाम फुटतोय — तो म्हणला, आजी, क्रेन लावायच्या आधी एक घाव तुझ्या हातचा. फौजदारानं बी मान डोलावली, म्हातारीच्या घावानं काय पडायलंय. देशमुखाचा नातू बी हाव म्हणला. त्याचं काय, त्याचं बिऱ्हाड लातूरला, आजा त्यानं फोटूतच बघितलाय. म्हणला, घाला एक घाव, मंग पुतळा माझ्या शेतात आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी, आणून उभा करा, आन मिटवा. असा तोडगा निघाला. सगळे थकलेत बाबा. भांडून भांडून थकलेत. अशा उन्हात भांडण तरी किती जोर धरतंय. सांजच्याला टँकर आला की दोन्हीकडल्या बायका एकाच नळीला घागरी लावतेत, आन बापे एकमेकाला खाली पाडायच्या गोष्टी करतेत.

मीच कामून? मी, कारण आप्पासाहेबानं आमच्या मालकाला काठीनं मारलं होतं. तेवढं संघपालला ठावं हाय, बुद्धवाड्यात बोललं जातंय ते. मोगलाईतलीच गोष्ट. एकदा हे उदगीरच्या बाजाराला गेले, तिथं कोणाची तरी सभा ऐकून आले. आल्यावर जेवले न्हाईत धड. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब घोड्यावर बसून वेशीतून निघाले, आन ह्यांनी जोहारच घातला न्हाई. हात खाली ते खालीच. घोडं थांबलं. आप्पासाहेब म्हणले, हात दुखतोय का रे? ओरडून न्हाई, चांगलं मायेनं पुसावं तसं. हे म्हणले, न्हाई मायबाप. ते म्हणले, मंग दुखू दे. आन हातातली काठी, चांदीच्या मुठीची, वरून, घोड्यावरून — ती बघ, तीच काठी दाखवलीय पुतळ्याच्या हातात. हाड बसवाय कोण हाय? मीच लुगड्याची चिंधी बांधली, बोट वाकडं जुळलं. कोणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. येसकराचा हात कोण बघतंय? भाकर वरून टाकायचे, तवा बी हाताकडं बघायचे न्हाईत, लगीच तोंड फिरवायचे. कोणतं बोट? उजव्या हाताचं की. करंगळीजवळचं —

— बघितलंस. असा नको बघू माझ्याकडं. वर बी नको बघू, ती माणसं बघायलेत दुकानातून. फुटाणे खा. खाली बघून खा.

बोलले तर बोलले. एवढ्या सालात कोणाला बोलले न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई, आन तुला बोलले, क्रेनवाल्याला. तू जाणार हाईस म्हणून असंल. ऐक मंग, अर्धं ऐकून गेलास तर तू बी कुठं तरी वाघ करशील. ॲक्शननंतर थोड्या सालानं आप्पासाहेब गेले. त्यांच्या पोरांनी पुतळा करायचा घाट घातला, हैदराबादहून कारागीर आणला, बुढ्ढा मुसलमान होता, मिशा पांढऱ्या. तोंड केलं फोटूवरून. पण फोटू छातीपतुरचाच, त्यात हात न्हवते. कारागीर म्हणला, हात मी मनानं करत न्हाई, हात जित्या माणसाचाच पाहिजे. पांढरा लेप असतोय म्हणं, पिठावानी कालवायचा, हाताला थापायचा, हालायचं न्हाई. घट्ट झाला की सोडवून काढायचा आन त्या साच्यात सिमीट वतायचं. म्हणला, घरच्यांनी हात द्या, बापलेकाचे हात सारखे असतेत. थोरल्यानं दिला. आता तो लेप घट्ट होताना तापतोय, चांगला पोळतोय — थोरल्यानं अशी बोंब ठोकली की गढीवरले कबुतरं उडाले. हात ओढून घेतला, लेप फुटला. धाकट्यानं तर हात खिशातच घालून घेतला. कारागीर बसला डोकं धरून. मंग कोणी तरी म्हणलं, असलं पोळायचं काम घरच्यांनी कामून करायचं? येसकराला बोलवा.

कळलं का? पोळायचं काम होतं म्हणून येसकर. न्हाई तर गढीच्या अंगणात कोण बसू देतंय.

बसले आमचे मालक. हातात तीच काठी दिली, चांदीच्या मुठीची. कारागीर म्हणला, घट्ट धर. ते बोट वळंना. कारागिरानं बोटाकडं बघितलं, ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, काठीकडं बघितलं. म्हणला, रहने दो. आन लेप तापाय लागला तसा ह्यांचं मनगट आपल्या हातात धरून बसला, वाळंस्तवर. घरी आल्यावर हे पोळल्याचं बोललेच न्हाईत. एवढंच म्हणाय लागले, धुरपे, त्यानं माझा हात धरला होता गं. गढीच्या अंगणात. सगळ्यांदेखत.

पुतळा उभा राहिला, हैदराबादहून मंत्री आला, पडदा वढला, आन थोरल्या देशमुखाला ते बोट दिसलं. तोंड असं झालं त्याचं. एवढ्या लोकांत काय म्हणणार, हा हात येसकराचा हाय म्हणून? कोणी तरी पुसलं, साहेब, बोट असं कामून? तर म्हणला, वडलांचं बोट शिकारीत मोडलं होतं. तिथून तो वाघ निघाला. आन मंग सुरू झालं बघ, दर पुण्यतिथीला. माळा, गंध, उदबत्त्या. गढीतल्या सुना येतेत, हात पुरत न्हाई म्हणून शिडी लावतेत, आन चढून त्या हाताला कुंकू लावतेत. ज्या हातावर भाकर वरून टाकली त्या हाताला शिडी लावून कुंकू. आमी दोघं लांब उभे राहून बघायचो. हे हसायचे. मी त्यांना मागं ओढायचे, तर म्हणायचे, हस की गं, तुझ्या नवऱ्याची पूजा चाललीय.

छप्पनला धम्म घेतला, येसकरी सोडली, घुंगराची काठी मोडून चुलीत घातली. त्या दिवशीची भाकर अशी फुगली होती, काय सांगू. पण पुतळ्याचं कोणाला बोलले न्हाईत. गावात बोभाटा झाला तर देशमुख पुतळा फोडतील आन आमची हाडं बी. आन आपल्या माणसाला कळलं तर म्हणतील, जोहार सोडलेला माणूस, आन हात देशमुखाला देऊन आला? दोन्हीकडून मार. मंग गप राहिले. मंग बहात्तर आलं. दोघं खडी फोडायला जायचो सरकारी कामावर, येता-जाता म्हणायचे, बघ, माझा एक हात दगड फोडायलाय आन एक सावकारावानी आराम करायलाय. त्याच खडीवर गेले. दुपारचं घमेलं खाली ठेवलं, टेकले, ते उठलेच न्हाईत. औंदाचं ऊन बघितलं की तेच ऊन परत आलंय वाटतंय, मधले सालं जसे झालेच न्हाईत. त्यांना माती दिली त्याच्यानंतरची गोष्ट — दुपारी सगळं गाव दारं लावून पडलं होतं. मी आले हिथं. घागर पालथी घातली चौथऱ्यावर, चढले, आन ते बोट धरलं. सिमीट तापलेलं, पोळलं मला. पण गार असतं तर मी लगीच उतरले असते, लेकरा. ते गरम होतं. जितं वाटलं. जाम रडले मी तवा. तोवर रडूच आलं न्हवतं.

कुठं बघतोस, लिंबाकडं? — हाव, पान न्हाई त्याला. गेल्या सालीच वाळलाय. सावली कुठली आलीय. मी आपली म्हणते, सावलीला बसते म्हणून.

फोटू? होता एक. जत्रंत काढलेला, मागं कापडावर मोटारगाडी रंगवलेली. नामांतराच्या वक्ताला आमच्या वाड्याला आग लागली, लागली म्हंजी लावली, त्यात गेला. आता खरं सांगू का, तोंड मला नीट आठवत न्हाई. लाज वाटती. नाक कसं होतं, इसरले. हात तेवढे आठवतेत, रोज समोर हायत म्हणून. ते बी बुजत चाललेत, दर पुण्यतिथीला चांदीचा रंग, थरावर थर. आधी नखं दिसायची. आता नखं गेली.

न्हाई न्हाई, ठेवा म्हणत न्हाई मी! तसं नको समजू. काढाच त्याला. लई आधी काढायला पाहिजे होता. आमच्या पोरीबाळींनी त्याच्या तोंडाखाली घागर लावायची, त्याच्या नावाच्या स्टॉपवर उतरायचं, कशापायी? संघपालचं बरोबर हाय, शंभर टक्के बरोबर हाय. पण तोंडासंगं हात चाललेत रे. आन चालले कुठं? आखाड्यावर. जिते होते तवा बी त्याच्याच आखाड्यावर राबले, आता सिमिटाचे हात बी तिकडंच. मला कोण जाऊ देतंय तिथं? आन पोरांनी इथंच फोडला तर हात बी फुटतेत. संघपालला सांगावं म्हणतोस? सांगितलं तर तो भाषणात घेईल. लई टाळ्या पडतील. मंग वर्तमानपत्रवाले येतील, हाताचे फोटू काढतील. हात समद्यांचे होतील, आन मी आपली टोपली घेऊन बसीन. वाईट हाय का मी? थकलेय बाबा. तेवढं एक माझं राहू दे वाटतंय.

तर मला तुला निस्तं पुसायचं होतं, दोर कुठं घालणार. बाकी काहीच बोलायचं न्हवतं. — बस की, उठू नको, ऐकून तर घे. आखाड्याची वाट लई खराब हाय. गाडी हिंदकळती. सिमीट जुनं हाय, आतल्या सळया गंजल्यात. वाटंत एखादा हात निखळला, तर तुला कोण बोलतंय? निखळला म्हणायचं. त्या नातवाला हात मोजायची फिकीर न्हाई. हे पोतं घे, तू बसलास तेच, त्यात गुंडाळ. परत नांदेडला ह्याच रस्त्यानं जाशील न्हवं? मी इथंच असते. पुतळा गेला तरी यष्टी हिथंच थांबणार, फुटाणे हिथंच विकणार. टोपलीखाली ठेवीन, वर फडकं टाकीन, कोणाच्या बापाला कळत न्हाई. — न्हाई म्हणू नको. हाव बी म्हणू नको. हाव म्हणलास तर मी वाट बघत बसीन. काढायचाच झाला तर मनगटातून काढ. बोटाला धक्का लावू नको. ते एकदा मोडलेलं हाय.

नाव? नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई आमच्यात. पण हात त्यांचे आन पाटीवर नाव दुसऱ्याचंच, कोणाला तरी ठावं असावं की, काय न्यायलोय ते. लिंबाजी. लिंबाजी येसकर न्हाई. निस्तं लिंबाजी.

धुरळा बघ, आली जीप. हलगी बी निघाली वाड्यातून. ऊठ, पोतं घेऊन ऊठ, मला दगडाची सवय हाय. — आले रे संघपाल, आले, ओरडू नको, म्हातारी हाय मी, बहिरी न्हाई. दे हिकडं तो हातोडा. लई जड हाय की रे. काय म्हणतोस, पाटीवर मारू? न्हाई बाबा, पाटीवर न्हाई. शिडी आण. ती पुण्यतिथीची शिडी असंल बघ, गुरुबसप्पाच्या दुकानामागं. लाव हिथं, चौथऱ्याला. मी चढते वर. पडत न्हाई, चढलेय मी आधी. — नरसिंग, काय बघत उभा राहिलास, दोर कमरंला घाल. तोंड मी बघते. हात तू सांभाळ. जा.